अप्पा गेटवर थांबले ती दुपार

माझा नवरा ज्या दिवशी गेला त्या दिवशी मी नांदेडला होते. तो सीमेवर होता. त्यांची गाडी रस्ता सोडून खाली गेली. काही दिवसांनी त्याला गावी आणलं आणि आमच्यात पुरतात तसं, बसवून, शेतात पुरलं. तेव्हा मुलगी रांगत होती.

दुष्काळ होता. खड्डा खणायला सकाळ गेली. कुदळ जमिनीत जायची नाही, आपटून परत यायची. माणसं आळीपाळीने खणत होती आणि सासरे एका बाजूला उभे होते. त्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा, मीही अप्पाच म्हणायचे. पेटी उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा मुलाच्या गळ्याकडे हात नेला. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या लहान डबीत, दोऱ्याला बांधलेलं. ते अंगावरून उतरवायचं नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, आणि माणूस गेला की त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याच्याबरोबर द्यायचं. नवऱ्याच्या गळ्यात फौजेचा नंबराचा बिल्ला होता आणि त्याला लागून डबी होती. ती कुणी काढली नव्हती. अप्पांनी ती उघडली, लिंग त्याच्या हातावर ठेवलं, आणि मग ते खाली बसले.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. त्यामुळे थोड्या दिवसांनी मी मुलीला घेऊन नांदेडला परत आले ते धर्माच्या आड येत नव्हतं. लोकांच्या आड येत होतं. गावात बायका काय बोलत असतील ते मला ऐकू यायची गरज नव्हती. मी परत आले कारण माझी बी.एड.ची परीक्षा उन्हाळ्यात होती. ती दिली तर नोकरीची आशा होती. गावात राहिले तर परीक्षा होणार नव्हती आणि पुढचं काहीच होणार नव्हतं. त्या दिवसांत मला फारसं काही समजत नव्हतं, पण एवढं समजत होतं.

नांदेडला आम्ही राहायचो ती जागा गावाबाहेर होती. ज्यांचे नवरे सीमेवर आहेत अशा बायका-मुलांसाठी फौजेने बांधलेल्या क्वार्टर होत्या. एकेक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. सगळ्याला मिळून एक उंच भिंत, भिंतीवर काचा लावलेल्या, आणि आत-बाहेर जायला एकच गेट. गेटवर आडवा बांबू, बाजूला पहारेकऱ्यांची कोठी, कोठीपुढे एक टेबल. नियमाप्रमाणे मला तिथे आणखी काही महिने राहता येणार होतं.

त्या वर्षी पहारा कडक झाला होता. वर्तमानपत्रांत ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवल्याच्या बातम्या येत होत्या. बस स्टँडवर बेवारशी वस्तूला हात लावू नका अशा पाट्या लागल्या होत्या. आमच्या गेटवर बंद असलेली प्रत्येक वस्तू उघडून पाहायचे. डबा, पेटी, टॉर्च, रेडिओ. जी वस्तू उघडता येत नाही किंवा उघडायची नाही ती टेबलावर जमा करायची आणि परत जाताना न्यायची. दूधवाला गेटवरच थांबायचा, आम्ही भांडी घेऊन जायचो. माझा भाऊ लुगडं घेऊन आला होता तर त्याला घडी मोडायला लावली होती. बायका या सगळ्यावर कुरकुर करायच्या. मीही करायचे. पण रात्री दिवा मालवल्यावर बाहेरच्या रस्त्यावरची पावलं ऐकू आली की ती पहारेकऱ्याची आहेत हे माहीत असायचं, आणि मी पुस्तक पुन्हा उघडायचे.

अप्पा येणार असल्याचा निरोप आला तेव्हाच मला कळलं की ते न्यायला येणार आहेत. बरोबर धाकटे दीर येणार होते. दीर काही काळ लातूरला एका दुकानात होते, दुष्काळामुळे दुकान बसलं म्हणून गावी आले होते. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या पलीकडे. उदगीरला गाडी बदलून, मुखेडवरून, नांदेडला यायला अर्धा दिवस जायचा. मी भाकरीचं पीठ जास्त मळलं आणि वाट पाहत दारात बसले. माझ्या दारातून गेट दिसायचं.

ते उन्हाच्या वेळी आले. अप्पांच्या डोक्याला पटका, खांद्यावर धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. गेटवर त्या दिवशी कोल्हापूरकडचे एक हवालदार होते. जाडजूड, मिशीवाले, बोलायला मोकळे. पुढचं बोलणं मला त्यांनीच नंतर सांगितलं. अप्पांनी कधी सांगितलं नाही.

आधी कागद पाहिले. अप्पांच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद होता. लातूर जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती, पण आमच्या ग्रामपंचायतीत जुने छापील कागद संपले नव्हते. गेटवर नोंदवलेल्या माझ्या पासवर गावापुढे जिल्हा लातूर लिहिलेला.

"आजोबा," हवालदार म्हणाले, "तुमचं गाव दोन जिल्ह्यांत कसं काय?"

"गाव हाय तिथंच हाय. जिल्हा सरकला."

हवालदार हसले आणि कागद परत दिले. मग गाठोडं सोडायला लावलं. त्यात धपाटी होती, फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी एकेक धपाटं उचलून पाहिलं. अप्पा म्हणाले, "खाऊन बघा की. बघून काय कळणार?" हवालदारांनी एक घेतलं, मोडून तोंडात टाकलं आणि गाठोडं बांधून दिलं. इथपर्यंत सगळं हसतखेळत होतं.

मग त्यांना अप्पांच्या सदऱ्याखाली काहीतरी फुगलेलं दिसलं. अप्पांची डबी जुन्या घाटाची होती, लिंबाएवढी.

"गळ्यात काय हाय, आजोबा?"

"लिंग हाय."

"डबी बंद दिसती. उघडून दाखवा. न्हाईतर काढून टेबलावर ठेवा, जाताना न्या. मी बसलोय हितंच, कोण हात लावत न्हाई."

"काढत न्हाई."

"मग उघडा."

"पूजेला उघडतो. रस्त्यावर न्हाई."

"पूजा कवा?"

"दिवस बुडता."

"मग काय, दिवस बुडेपर्यंत बसणार?"

"बसतो की," अप्पा म्हणाले. "मला कुठं औत हाकायचंय? पाऊस न्हाई, पेरणी न्हाई."

हवालदारांना वाटलं थट्टा चाललीय. पण अप्पा खरोखरच गेटसमोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले. हवालदार मला नंतर म्हणाले, ताई, मी तरी काय करू, माझी नोकरी जायची. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. महिन्यापूर्वी ज्या माणसाने आपल्या मुलाच्या हातावर लिंग ठेवून त्याला मातीत बसवलं, तो आपलं लिंग टेबलावर ठेवणार नव्हता, हे त्यांना कुठून माहीत असणार?

मग दिरांची पाळी आली. हवालदारांनी त्यांना गळ्याशी सदऱ्याची गुंडी काढायला लावली. गळा मोकळा होता. न डबी, न दोरा.

"तुमच्यात समद्यांच्या गळ्यात असतं न्हवं?" हवालदारांनी विचारलं.

"असतं," दीर म्हणाले, आणि बांबूखालून वाकून आत आले.

मी दारातून पाहत होते. मला फक्त एवढं दिसलं की दीर आत आले, अप्पा आले नाहीत, आणि अप्पांनी दिरांच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं.

दिरांनी पाणी घेतलं आणि बसायच्या आधीच म्हणाले, "वैनी, सामान बांधा. संध्याकाळची गाडी हाय."

"अप्पा का थांबले?"

"त्यांचं सोडा. डबीवरून अडून बसलेत. तुम्ही आवरलं की आपण बाहेर पडू, त्यांना आत यायचं कामच न्हाई."

"अप्पांनी सांगितलंय का, मला न्यायचं म्हणून?"

"न सांगता आलो का आम्ही एवढ्या लांब? एकटी बाई, लेकरू लहान, सगळा परका मुलूख. आपल्यात असं चालत न्हाई."

शेजारची बाई मुलीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. ती माहूरची. देवीच्या गडाखाली तिच्या माहेरचं हळदीकुंकवाचं दुकान, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायची सवय. मी कॉलेजला गेले की मुलगी तिच्याकडेच असायची. तिने तिथूनच विचारलं, "भाऊ, परकं कोण हाय म्हणता? मी का?"

"तुम्हाला न्हाई म्हटलं."

"मग कोणाले म्हणून राहिले? इथं तर कुत्रं आत आलं तरी हवालदार त्याले गाव विचारते."

दीर तिच्याकडे न पाहता मला म्हणाले, "बांधा लवकर."

मी बांधायला घेतलं. त्या काळी मी मोठ्या माणसांशी वाद घालत नसे. आजही फारसा घालत नाही. ट्रंक पुढे ओढली आणि तळाशी पुस्तकं ठेवली. शिक्षणशास्त्र, बालमानसशास्त्र, वाचनालयातून आणलेली दोन, जी परत करायला हवी होती.

"ही कशाला?" दीर म्हणाले. "तिकडं कोण वाचणार?"

"मी," मी म्हणाले.

 पुस्तकांवर मुलीचे कपडे ठेवले, मग माझी लुगडी. ट्रंक भरत आली तसं माझं डोकं रिकामं होत गेलं. गावात पाण्याला टँकर होता, त्याच्या वेळेचा भरवसा नव्हता. मी बादली घेऊन रांगेत उभी आहे आणि मुलगी कुणाकडे आहे ते मला आठवत नाही, असं काहीतरी डोळ्यांपुढे येत राहिलं. परीक्षेचा विचार मी करत नव्हते. तो माझ्या मागे उभा असल्यासारखा होता.

ऊन उतरलं तरी अप्पा लिंबाखालीच होते. पाणीसुद्धा प्यायले नव्हते. हवालदारांनी दोनदा तांब्या नेला, त्यांनी परत पाठवला. शेजारीण मला म्हणाली, "तू जा न गेटवर. म्हातारा माणूस सकाळपासून उपाशी. पोरीले मी पाहते."

आमच्याकडे नवरा जाऊन महिनाच झालेली बाई अशी चारचौघांत उठून जात नाही. मी तांब्यात पाणी घेतलं, परवाच्या सोमवारची बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती ती घेतली, आणि गेले. मी जवळ पोचले तेव्हा हवालदार अप्पांसमोर उकिडवे बसले होते.

"आजोबा, पूजेला जागा कशी लागती?" ते विचारत होते.

"झाडलेली. आडोशाची."

"आमची कोठी हाय. झाडून देतो. चालंल?"

अप्पांनी कोठीकडे पाहिलं, हवालदारांकडे पाहिलं. "चामड्याचं काय असलं तर बाहेर काढा."

हवालदारांनी बूट काढले, पट्टा काढला, कोपऱ्यातले दुसऱ्याचे बूट उचलून बाहेर ठेवले आणि स्वतः केरसुणी फिरवली. अप्पांनी माझ्याकडून तांब्या घेतला. हातपाय धुताना पाणी इतकं बेताने वापरलं की अर्ध्याहून जास्त उरलं. पाय लिंबाच्या बुंध्यावर धुतले, म्हणजे पाणी झाडाला गेलं. त्या वर्षी गावाकडे सगळे असंच करायचे. मग कोठीत जाऊन पूर्वेकडे तोंड करून बसले, कपाळाला, दंडाला विभूती लावली, सदऱ्यातून डबी काढली. दोरा गळ्यातच होता. झाकण उघडलं आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

हवालदार दाराबाहेर अनवाणी उभे होते, हात मागे बांधून. त्यांनी वाकून पाहिलं. काळं, गुळगुळीत, सुपारीपेक्षा थोडं मोठं. डबी रिकामी होती. अप्पांनी पाणी घातलं, बेलाचं पान वाहिलं, आणि हाताकडे पाहत बसले. आमच्यात पूजा म्हणजे तेवढंच असतं, पाहत बसणं. रस्त्यावरून बैलगाडी गेली, ST चा भोंगा वाजला. त्यांनी मान वर केली नाही.

पूजा झाली, तीर्थ घेतलं, डबी बंद झाली, सदऱ्याखाली गेली. हवालदार म्हणाले, "झालं. उघडी डबी बघितली. आता या आत."

"हात लावायचा न्हाई का?"

"बघायची म्हणून हुकूम हाय, आजोबा. बघितली."

अप्पा बांबूखालून आत आले. मला वाटलं आता सरळ खोलीवर येतील, ट्रंक पाहतील, आणि आपण निघू. ते खोलीवर आले नाहीत. गेटपासून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले. शेताच्या कुंपणाला जनावराने वाट पाडलीय का ते पाहतात तसं पाहत होते. एका जागी भिंतीवर हात ठेवून दाबून पाहिलं. मी मागे होते.

"वर काचा हायत का सगळीकडं?"

"हो."

"मागून वाट?"

"नाही. गेट एकच."

"रात्री कोण असतं?"

"पहारा असतो. दोघं असतात, फिरत असतात."

"दूधवाला?"

"गेटवर. आम्ही जातो."

"तुझा भाऊ आला तर?"

"त्यालाही पास लागतो. रात्री पुरुषाला राहता येत नाही. घंटा झाली की बाहेर."

ते थांबले. "मला पण?"

"तुम्हाला पण."

अप्पा हसले. मुलगा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मोठ्याने नाही, खांदे हलले फक्त.

खोलीवर आले. भिंतीला टेकून बसले. शेजारणीने मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, तिने पहिल्यांदा त्यांच्या सदऱ्याखालच्या डबीलाच हात घातला. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला आणि आपलं बोट तिच्या मुठीत दिलं. ट्रंक मध्येच होती, झाकण उघडं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

दीर म्हणाले, "वैनींनी आवरलंय. आता निघालो तर गाडी मिळंल."

"मी आवरायला सांगितलं का?"

"अप्पा, तुम्हीच म्हणाला होता."

"बघून ठरवू, म्हणालो होतो." मग माझ्याकडे वळले. "माय, परीक्षा कवा?"

"उन्हाळ्यात."

"तवर इथं राहू देतेत?"

"देतात."

 मुलगी त्यांच्या बोटाशी खेळत होती. मी जमिनीकडे पाहत होते, कारण त्यांच्या तोंडाकडे पाहायचं धाडस नव्हतं.

"मला एकच घोर होता," ते म्हणाले. "तरणी पोर, एकटी. कोण येतंय, कोण जातंय, काय समजायचं? गावात मी दारात बसून बघत असतो. इथं कोण बघणार? पण मी सासरा हाय तुझा, आणि मला आत यायला दिवस बुडाला. मग दुसऱ्या कुणाची काय टाप हाय? राहा तू. परीक्षा दे."

दीर म्हणाले, "अप्पा, लोक काय म्हणतील? आपल्यात असं..."

"आपल्यात काय असतं ते मी दुपारी तुझ्या गळ्याकडं बघितलं," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुला बरं लवकर सोडलं आत."

शेजारीण पदर तोंडाला लावून बाहेर गेली. दीर बराच वेळ आपल्या गुंडीशी चाळा करत राहिले. मला त्यांची दया आली. ते वाईट नव्हते. बाहेरगावी राहिलेल्या कितीतरी जणांनी तेव्हा दोरा काढून ठेवला होता, आणि घरी कुणी विचारलं नव्हतं.

मी ट्रंकमधून पुस्तकं काढून परत फळीवर ठेवली.  मग भाकरी टाकल्या. अप्पा जेवले, दीर जेवले, आणि मग मी. धपाटी वाळून कडक झाली होती. मी किती खाल्ली ते मला कळलं नाही. शेजारणीने नंतर सांगितलं की तिने मला पहिल्यांदा नीट जेवताना पाहिलं. महिनाभर मला भूक नव्हती. त्या संध्याकाळी ती एकदम परत आली.

घंटा झाली तेव्हा हवालदार स्वतः दाराशी आले. "आजोबा, चला. आता तुम्हाला बाहेर काढायचं काम बी माझंच."

"बरोबर हाय," अप्पा म्हणाले आणि पटका बांधला. "असंच काढत जा सगळ्यांना." ते दोघे रात्री शहरातल्या मठात राहिले आणि सकाळच्या गाडीने गेले.

परीक्षेपर्यंत अप्पा आणखी तीनचारदा आले. दर वेळी उन्हं उतरल्यावरच यायचे, आधी कोठीत पूजा करायचे, मग आत. हवालदारांनी त्यांच्यासाठी एक पाट आणून ठेवला होता. कधी ज्वारी आणायचे, कधी नुसतेच यायचे आणि नातीला घेऊन भिंतीच्या कडेने फिरायचे. एकदा त्यांना दिसलं की एका जागी काच निसटलीय. ते हवालदारांना जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी लावली का ते पाहायला मठात एक रात्र जास्त राहिले.

मी पास झाले. नव्या जिल्ह्याला शिक्षक हवे होते. मला लातूरजवळ शाळा मिळाली आणि क्वार्टर सोडायची वेळ येण्याआधीच मी सोडली. ट्रंक रिक्षात चढवताना मला रडू आलं नाही. फक्त त्या भिंतीकडे एकदा पाहिलं. इतके महिने तिच्यामागे मी नीट झोपले होते, आणि लोकांना वाटत होतं की तिथे मी एकटी आहे.

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेत दीर पाहतात. मी नोकरीतून निवृत्त झाले. मी लातूरला दोन खोल्यांत राहते, एकटी, आणि मुलगी सुटीला येते.